घरचं घरातून, ऑफिसचं ऑफिसातून

६ जानेवारी, सोमवार

ही डायरी काचीगुड्याच्या मेडिकलवाल्यानं फुकट दिली. नेटच्या वायरी आणि कॅमेरे बसवायचं काम मी ज्यांच्या हाताखाली करतो ते इस्माईलभाई म्हणाले, रोज केलेलं काम लिहून ठेवत जा, तुझ्या डोक्यात काही टिकत नाही. नववीत शाळा सोडली तेव्हापासून पेन धरलं ते फक्त सह्या करायला. चार ओळींत बोटं दुखायला लागली. पण इथं हैदराबादेत रूमवर मराठी बोलायला कुणी नाही, तर लिहून तरी बघू.

आजचं काम जामबागेत, एकनाथराव साहेबांच्या ऑफिसात. निजामाच्या वेळचे उर्दू आणि मोडीतले जमिनीचे कागद लोक तिकडं आमच्या मराठवाड्यातून घेऊन येतात, इथं त्यांचं भाषांतर होतं. कोरोनात सगळी माणसं घरून काम करायला लागली, ती परत आलीच नाहीत. आता कागद स्कॅन होऊन ऑफिसच्या सर्व्हरवर आणि माणसं आपापल्या घरी. मधे व्हीपीएन. इस्माईलभाईंनी मला पहिल्यांदा समजावलं तेव्हा म्हणाले होते, "सुरंग समझ, मियाँ." लॅपटॉपपासून ऑफिसपर्यंत बोगदा. आतून काय चाललंय ते बाहेरच्याला दिसत नाही. पण एकदा शिरलं की लॅपटॉपचं सगळंच त्यातून जातं, ऑफिसचे कागद पण आणि गाणी पण. म्हणून लाईन तुंबते, म्हणून मला बोलावतात.

आईचा फोन आलता. शिडीवर होतो, उचलला नाही.

८ जानेवारी, बुधवार

एकनाथराव साहेबांनी विचारलं, कोण दिवसातून किती वेळा बोगद्याच्या बाहेर जातं ते कळतं का. म्हणलं, कळतं की. लगेच काढून छापून दिलं. मला वाटलं शाबासकी मिळेल. सगळ्यात जास्त वेळा बरकतपुऱ्यातून भाषांतर करणाऱ्या वंदनाताईंचं तुटलेलं. इतक्यांदा लाईन जात नाही, हातानं तोडलेलं दिसतंय, हे पण मीच सांगितलं.

त्यांनी कागद ठेवून घेतला. मग म्हणाले, "ऑफिसच्या वेळात माणूस ऑफिसात पाहिजे, बालाजी. घरी बसलेला असला तरी."

त्यांच्या टेबलावरच्या स्क्रीनवर सगळ्यांची नावं असतात, जोडलेला असला की नावापुढं हिरवा ठिपका. समोर हॉलमध्ये आम्हीच बसवलेला कॅमेरा, खाली टेबलं मात्र रिकामी. एवढ्या मोठ्या हॉलचं भाडं कशाला भरतात काय की. मी असतो तर कधीच सोडला असता. तसं मी कुठलीच जागा धरून राहत नाही म्हणा. गावाकडं वसमतला होतो तेव्हा हैदराबाद पाहिजे होतं, आता दोन महिने झाले दुबईच्या एजंटाचे नंबर गोळा करतोय.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. पतंगांच्या मांजानं निम्म्या बरकतपुऱ्याच्या वायरी कापल्या. दिवसभर गच्च्यांवर. एका गच्चीवर पोरं म्हणाली, भय्या, पेच लढाते क्या. एक पतंग कापला पण. मजा आली.

आईचे दोन फोन. तिळगूळ घेतलास का विचारायला असणार, दुसरं काय. संध्याकाळी करतो म्हणलं आणि राहिलं.

१६ जानेवारी, गुरुवार

आज जामबागेत राउटर बदलत होतो तेव्हा एकनाथराव साहेब फोनवर बोलत होते. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त वाईट वाटलं. वंदनाताईंना सांगत होते, फेब्रुवारीपासून रोज ऑफिसात येऊन काम करायचं. जमत नसेल तर तसं सांग, मी दुसरं माणूस बघतो. पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू नाही आलं. शेवटी ते म्हणाले, "कारण सांगणार नसशील तर मी काय समजायचं?"

फोन ठेवला तेव्हा माझा छापलेला कागद त्यांच्या हातात होता.

मी काही केलं नाही, मी फक्त काढून दिलं. असं स्वतःला म्हणत रूमवर आलो. जेवण गेलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार

इस्माईलभाईंना म्हणलं, वंदनाताईंची वायर एकदा बघून येतो. ते म्हणाले, "वायर देखनेकू जारा कि मुँह दिखानेकू?" त्यांना सगळं कळतं.

बरकतपुऱ्यात गल्लीच्या टोकाला घर आहे. ताई आणि त्यांचे वडील नामदेवराव, दोघंच. वडील याच ऑफिसात चाळीसेक वर्षं होते. उर्दू आणि मोडी, दोन्ही येणारा तसा माणूस आता हैदराबादेत नाही म्हणतात. आता त्यांना काही आठवत नाही. मी गेलो तेव्हा कोट घालून खुर्चीत बसले होते. मला म्हणाले, "रिक्षा आणलीस का? उशीर झाला, एकनाथ रागावेल."

ताई म्हणाल्या, रोजचं आहे. सकाळपासून ऑफिसला निघायची घाई. दाराला कुलूप लावून बघितलं तर हात सुजेपर्यंत दार बडवलं, म्हणून लावत नाहीत. त्यांच्याजवळ बसून काम करावं तर तेही होत नाही, कारण लॅपटॉप दिसला की ते बंद करून टाकतात. लाईट जळतोय म्हणतात. म्हणून ताई वरच्या खोलीत बसतात आणि खालच्या खोलीत कॅमेरा. तो मीच बसवला होता, मागच्या वर्षी. फोनवर दिसायचं ते त्या कंपनीनं बंद केलं. आता फक्त लॅपटॉपवर नंबर टाकला की चित्र येतं. आणि बोगद्यात असलं की येत नाही, कोरं पान.

म्हणजे त्या दर थोड्या वेळानं बोगदा तोडतात, बाबा खुर्चीत आहेत हे बघतात, परत जोडतात. एवढंच.

मी म्हणलं, ताई, हे साहेबांना का नाही सांगितलं.

"कामाच्या वेळेत घरचं काय सांगायचं रे? आणि त्यांना काय सांगू? दोनदा आले होते बाबांना भेटायला. दुसऱ्यांदा बाबांनी विचारलं, आपण कोण. चहा तसाच ठेवून उठले, त्यानंतर नाही आले."

निघताना नामदेवरावांनी मला एक रुपया दिला, रिक्षाचा. घेतला.

२० जानेवारी, सोमवार

याच्यावर तोड आहे. स्प्लिट टनलिंग म्हणतात. ऑफिसचं तेवढं बोगद्यातून जाऊ द्यायचं, बाकीचं घरच्या लाईनवरून सरळ. घरचं घरातून, ऑफिसचं ऑफिसातून. मग ताईंना तोडायची गरजच नाही. हिरवा ठिपका पण राहील आणि बाबा पण दिसतील.

एकनाथराव साहेबांना सांगितलं, वंदनाताईंचं नाव न घेता. ते नाही म्हणाले. कागद लोकांचे आहेत, भानगडी नकोत, आणि ऑफिसच्या वेळात घरचं कशाला लागतं. मग इस्माईलभाई पान खात खात मधे पडले. साहेब, कागज तो सुरंग सेच जाते, वो कायको बाहर जाते? नुसती गाणी-बिणी बाहेर जातात. तुमची लाईन मोकळी होते. नवीन लाईन घ्यायला नको. शेवटचं ऐकून साहेब म्हणाले, बरं, करून बघा. दोन आठवडे.

मला साहेबांना खरं कारण सांगायचं होतं. ताईंनी शपथ घातली नव्हती, पण त्यांचा चेहरा आठवला. जी गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली नाही ती मी कोण सांगणार? कागद छापताना मात्र हा विचार आला नव्हता.

२२ जानेवारी, बुधवार

केलं. सगळ्यांना नवीन फाईल पाठवली, फोनवरून एकेकाची चालू करून दिली. पुण्याची प्रणिता मॅडम म्हणाली, बालाजी, आज पहिल्यांदा लॅपटॉप श्वास घेतोय. वंदनाताईंची सगळ्यात शेवटी केली. संध्याकाळ झाली होती, त्या म्हणाल्या, कॅमेरा उद्या बघते, आता बाबांना जेवायला वाढायचंय.

फाईलमध्ये बोगद्यातून काय जाणार ते लिहावं लागतं. सर्व्हरचा एकच नंबर लिहायला हवा होता, पण उद्या प्रिंटर लागला, परवा अजून काही लागलं, परत परत कोण करणार, म्हणून ऑफिसातल्या सगळ्या मशिनींचे नंबर एकदम, म्हणजे सगळी गल्लीच लिहून टाकली.

लई दिवसांनी काम केल्यासारखं वाटलं. आईचा फोन आला तेव्हा प्रणिता मॅडमची लाईन चालू होती, कापला.

२३ जानेवारी, गुरुवार

कुठून लिहू.

साडेअकराच्या सुमाराला वंदनाताईंचा फोन. म्हणाल्या, "बालाजी, बाबांच्या जागी मला सर दिसतायत."

मी हसलो. म्हणलं, पान परत उघडा. त्यांनी उघडलं. परत सर. जामबागेतला हॉल, रिकामी टेबलं आणि एकनाथराव साहेब. मला एका क्षणात समजलं. इस्माईलभाईंची सवय ती माझी सवय. कुठंही बसवला तरी पहिल्या कॅमेऱ्याला नंबर पन्नास आणि पासवर्ड तोच. लक्षात ठेवायला सोपं. राउटर पण सगळीकडं आले तसेच ठेवतो, म्हणजे बरकतपुऱ्यातली गल्ली आणि जामबागेतली गल्ली एकाच नावाची, दोन्हीकडं पन्नास नंबरचं घर. आणि काल मीच लिहून दिलं होतं, या गल्लीचं सगळं जामबागेला न्या. ताई घरातलं दार उघडत होत्या आणि ऑफिसातलं उघडत होतं. आधीच्या फाईलनं सर्व्हर सोडून ऑफिसातलं दुसरं काही उघडायचं नाही, म्हणून तेव्हा कोरं पान यायचं.

म्हणलं, ताई, थांबा, आत्ता दुरुस्त करतो. त्या चित्रच बघत होत्या. मग हळू म्हणाल्या, सर टेबलं पुसतायत. एकेक टेबल. आणि मग म्हणाल्या, आता बाबांच्या टेबलाशी जाऊन बसले.

मी म्हणलं, ताई, तुम्ही खाली जाऊन बाबांना बघून या.

फोन चालूच होता. जिना उतरल्याचा आवाज आला. मग दाराचा. मग त्या नुसतं "बाबा, बाबा" म्हणायला लागल्या. खुर्ची रिकामी, कोट नाही, दार उघडं.

इस्माईलभाईंची स्कूटर घेतली. बरकतपुऱ्याचा पार्क बघितला, चौकातलं इराणी हॉटेल बघितलं, काचीगुडा स्टेशनच्या फलाटावर जाऊन आलो. कोट घातलेला म्हातारा विचारत होतो. एक फळवाला म्हणाला, हौ, देखा, जल्दी में था, बड़ी चावड़ी की तरफ. तिकडं गेलो, नाही. डोळ्यासमोर सारख्या बसगाड्या येत होत्या. मी काल आळस केला नसता तर ताईंनी वेळेवर खुर्ची बघितली असती. दुबई-बिबई सगळं विसरलो.

परत घरी आलो. शेजारची माणसं शोधायला गेली होती, ताई फोन हातात घेऊन पायरीवर बसल्या होत्या. पोलिसात कळवलं म्हणाल्या. मला रागावल्या नाहीत. वर जाऊन निदान माझी चूक तरी काढून टाकू म्हणून जिना चढलो.

लॅपटॉप तसाच उघडा. त्यात हॉल. साहेब उभे होते. टेबलाशी कुणी गिऱ्हाईक बसलेलं. मी फाईल उघडायला गेलो आणि हात थांबला. गिऱ्हाइकानं कोट घातला होता.

ताईंना हाक मारली. त्या धावत आल्या, बघितलं, आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. जसं खालच्या खोलीत खुर्चीत बसतात तसेच नामदेवराव त्यांच्या टेबलाशी बसले होते, नीट, पाठ ताठ. चित्राला आवाज नाही. नामदेवरावांनी हात पुढं केला, काहीतरी मागत होते. साहेब इकडंतिकडं बघायला लागले. मग कपाट उघडून एक जुना कागद काढला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं ठेवला. नामदेवरावांनी खिसे चाचपले. साहेबांनी स्वतःचा चष्मा काढून दिला.

मग साहेबांनी फोन कानाला लावलेला दिसला आणि ताईंच्या हातातला फोन वाजला.

ताईंनी स्पीकरवर टाकला. साहेब म्हणाले, "वंदना, नामदेवराव ऑफिसला आलेत. उशीर झाला म्हणून माफी मागतायत."

चित्रात साहेब भिंतीकडं तोंड करून उभे होते.

२४ जानेवारी, शुक्रवार

ताईंना विचारून सकाळी जामबागेत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. कॅमेरा, पन्नास नंबर, आळस, आणि त्या दिवशी छापून दिलेल्या कागदावरचं तुटणं कशामुळं होतं ते. कामावरून काढतील असंच धरून गेलो होतो.

साहेबांनी एवढंच विचारलं, "म्हणजे वंदनानं मला पाहिलं?"

म्हणलं, हो.

"टेबल पुसताना?"

म्हणलं, हो.

ते खिडकीजवळ गेले. म्हणाले, रोज येतो, झाडतो, पुसतो, ठिपके बघतो, संध्याकाळी कुलूप लावतो. माणसं आहेत असं वाटतं ठिपक्यांमुळं. वंदनाचा ठिपका सारखा जायचा तर मला वाटायचं, ही पण चालली.

म्हणलं, साहेब, फाईल दुरुस्त करू का. ते म्हणाले, कर.

गल्ली काढून टाकली, सर्व्हरचं एकच घर लिहिलं. आता पन्नास म्हणलं की बरकतपुऱ्यातलाच पन्नास उघडतो. तिथल्या तिथं ताईंना फोन करून बघायला सांगितलं. बाबा झोपलेत म्हणाल्या. कालचे पाय दुखतायत.

हे बुधवारीच करायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागला नसता.

३ फेब्रुवारी, सोमवार

वंदनाताई आज ऑफिसात आल्या. रिक्षातून, नामदेवरावांना घेऊन. साहेबांनी स्वतः बरकतपुऱ्याला जाऊन ठरवलं म्हणे. सोमवार, बुधवार, शुक्रवार इथं, बाकी दिवस घरून. त्या फोनवरच्या धमकीचं कुणीच नाव काढलं नाही. इथं आल्यावर ताईंना बोगदा लागत नाही, कॅमेरा पण लागत नाही. बाबा समोरच्या टेबलाशी. म्हणजे मी केलेलं सगळं त्यांच्या निम्म्या आठवड्याला तर फुकटच गेलं. इस्माईलभाईंना सांगितलं तर हसत सुटले.

नामदेवरावांना एक जुना कागद दिला की तासभर वाचतात. मोडी अजून येतं. काल जेवले का ते आठवत नाही, पण अडलेलं अक्षर बोट ठेवून सांगतात. साहेब उतरवून घेतात. कधी बरोबर असतं, कधी भलतंच. ताई म्हणाल्या, भलतं असलं तरी सर लिहून घेतात, मग मागून खोडतात.

दुपारी मात्र गंमत झाली. सगळ्यांचे ठिपके एकदम गेले. प्रणिता मॅडमचा पुण्याहून फोन, दुसऱ्यांचे पण फोन. मी जाऊन बघितलं तर सर्व्हरचं बटण बंद. नामदेवराव बाजूला उभे. म्हणाले, "लाईट जळत होता. एकनाथचे वडील बोलतील."

साहेब म्हणाले, नाही बोलणार, बरं केलंत. मला खुणेनं सांगितलं, बटणाला डबी बसव.

आधी हे ऑफिस साहेबांचे वडील चालवायचे, साहेबांना नामदेवराव कधीकधी त्यांच्याच नावानं हाक मारतात. साहेब ओ देतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

माझा फोन बिघडलाय. कधीपासून ते ध्यानात आलं नाही, आज लक्षात आलं. बाकीच्यांचे येतात, आईचा येत नाही. आधी तर दिवसातून एकदा यायचाच, कधी दोनदा. मागं जाऊन बघितलं तर प्रणिता मॅडमची फाईल करत होतो त्या दिवसानंतर एकही नाही.

सिम काढून पुसून बसवलं. फोन बंद करून चालू केला. आईचा नंबर चुकून ब्लॉक झालाय का बघितलं, नाही. इस्माईलभाईंना माझ्यावर फोन करायला लावला, लागला. ते म्हणाले, टॉवर ठीक है, फोन ठीक है, और क्या देखना? म्हणलं, वसमतच्या बाजूनं काहीतरी असणार. त्यांनी नुसता पानाचा डबा उघडला.

मग म्हणलं, इकडून करून बघू, लाईन तपासायला.

पहिल्याच रिंगला उचलला. मी विचारलं, आई, तुझ्या फोनला काय झालंय, लागत नाही का?

"फोनला काय होतंय," ती म्हणाली. "तू कामात असशील म्हणून नाही केला."